कोलूतला घोडेस्वार

तंजावरात केबल आली त्या वर्षी नवरात्रात नववीतल्या देववेड्या हरिताने कोलूच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांत स्वतः घडवलेला मातीचा घोडेस्वार मांडला. “अय्यनार वेशीवरचा देव,” हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या वरलक्ष्मीमामी म्हणाल्या. “घरात नको, काढ.” आई लगेच तो उचलायला पुढे झाली, पण हरिताने तिला थांबवलं. “हा अय्यनार नाही, मामी. आमचा खंडोबा.” पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या त्या मराठी घरात कुलदैवताचं नुसतं नाव उरलं होतं. बाकीचं तिने जेजुरीला पत्र लिहून मागवून, हिंदीच्या शिकवणीतल्या देवनागरी अक्षरओळखीवर वाचलं होतं. आता तिने मणी-मल्लाचा वध सांगितला, म्हाळसा सांगितली, धनगरांची बाणाई सांगितली. बायका प्रसादाच्या हरभऱ्यांचे, सुंडलाचे द्रोण विसरून ऐकत राहिल्या. “दोन बायका, एक रानातली? आमच्या मुरुगनसारखाच की,” मामी म्हणाल्या. मग त्यांनी घोडेस्वार नीट न्याहाळला. “पण त्या दोघी कुठेत?” हरिता उठून माती भिजवायला परसात गेली.