डावा अंगठा

ती परत मेली. यानाच्या फुटक्या खिडकीतून बाहेर ओढली गेली, गरागरा फिरत काळोखात दिसेनाशी झाली, आणि पडद्यावर तेच ते आलं: पुन्हा प्रयत्न करा.

"करतेय की. सकाळपासून दुसरं काय करतेय?" ती पडद्याला म्हणाली आणि सोफ्यावर मांडी घालून नव्याने बसली.

व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांची परीक्षणं लिहायची, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणत. दुधात माशी पडली तर हिला आधी माशी दिसायची, आणि नसली पडली तर दूध पातळ वाटायचं. आजचं परीक्षण संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. खेळ गोळीबाराचा, पण दूरच्या ग्रहावरचा. एकटी सैनिक बाई आणि समोर लोखंडी किड्यांची फौज. गुण सकाळीच लिहून झाले होते. बंदूक हातात घेतली की तिचं वजन जाणवतं. किडे उगाच अंगावर धावून येत नाहीत, दबा धरून बसतात. दोन सूर्यांचा उजेड असा पडतो की माणूस लढाई सोडून बघत राहतो. हे लिहिताना तिचा हात कुठेही अडला नाही. खेळ तिच्या ताईने बनवला होता.

अडलं ते दोषांपाशी. मधले टप्पे उगाच लांबवलेत, ते एक किरकोळ. खरी खोट शेवटच्या टप्प्यात होती. कंट्रोलरच्या डाव्या दांडीने चालायचं, आणि त्याच वेळी डावीकडचीच बाणांची बटणं दाबून तोल सांभाळायचा. उजवीकडे तोच प्रकार, दांडीने नेम आणि बटणांनी गोळी. सगळी कामं अंगठ्याची. आता माणसाला डावा अंगठा एकच असतो, हे ताईसारख्या बाईला कळू नये? गोष्ट तोवर संपलेली असते, त्यामुळे हा टप्पा सोडून दिला तरी चालतं. लोक हसून सोडतही होते. भिंगाला मात्र सोडून देणं कधी जमलंच नव्हतं.

आणि लिहायचं तर तेही जिवावर आलं होतं. ताईच्या मागच्या खेळावर तिने लिहिलं होतं, 'डोळ्यांना मेजवानी, हातांना शिक्षा.' वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं आणि ताईने अबोला धरला. आईच्या वाढदिवसाला दोघी एकाच टेबलाशी बसल्या आणि दोघीही फक्त आईशी बोलल्या. चूक कुणाची, हे तिच्या लेखी कधीच मागे पडलं होतं. तिला ताई हवी होती, बस्स. पण फोन करायचा तर कोणत्या तोंडाने? त्यात आज आणखी एक दोष छापला की उरलीसुरली वाटही बंद होणार होती.

नवरा चहा घेऊन आला. "अजून तिथेच?"

"बस जरा. हे डावीकडून धर. दोन्ही हातांनी."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला नकोच आहे. तू नुसता चालत राहा. मी म्हटलं की बाण दाब." बोलता बोलता ती उजवीकडे सरकली आणि तिने कंट्रोलरचा उजवा अर्धा भाग धरला.

नवऱ्याने आधी सैनिक बाईला भिंतीवर नेऊन आपटलं. मग ती चालली. तोल गेला नाही. एक किडा पडला, दुसरा पडला, आणि मग नवऱ्याने तिला थेट खिडकीतून बाहेर काढलं.

"जमतंय की," तो खूश होऊन म्हणाला.

नवऱ्याच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला होता आणि हात उजव्या भागावर असे बसले होते जणू कधी उठलेच नव्हते. लहानपणी घरात कंट्रोलर एकच होता. भांडणावर तोडगा म्हणून तो दोघींनी अर्धा अर्धा वाटून घेतला होता. ताई डावीकडे, चालवणारी. ही उजवीकडे, मारणारी. "मी नेते, तू मार," ताई म्हणायची, आणि आई जेवायला ओरडेपर्यंत दोघी तशाच चिकटून बसायच्या. चहा निवला तरी तिला भान नव्हतं.

मग तिने लाज गुंडाळून ठेवली आणि फोन लावला.

"बोल," पलीकडून ताई म्हणाली.

"ताई, तो शेवटचा टप्पा एकटीला जमत नाही."

"माहीत आहे. मलासुद्धा जमत नाही."

"मग दुरुस्त का नाही केलास? आता मी काय लिहू?"

ताईचा आवाज मऊ झाला.

"खुशाल लिही. चूक दिसली की तुला गप्प बसवत नाही, म्हणून तर एवढी एक तशीच राहू दिली."