जॅकेटवरचं नाव

बायको गेल्याचं तिच्या साहेबांनी माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन सांगितलं. रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक होती. एका पगारात भागेना म्हणून सलग दोन पाळ्या करायची, ड्रायव्हरही तसाच. त्याचा डोळा लागला, गाडी उलटली. महिन्याभरानं साहेब पुन्हा आले. “काका, गाडी आहे, माणूस नाही. या पगारात भूतसुद्धा टिकत नाही.” आईसारखाच पॅरामेडिकचा कोर्स केलेली माझी मुलगी म्हणाली, “मी येते.” मी ओरडलो, “दुसरी नोकरी बघ!” “बघितली, बाबा. या कोर्सला कुणी विचारत नाही.” “मागे सीटचा पट्टा लावून बसशील ना?” “पट्टा लावून रुग्णाच्या छातीपर्यंत हात पोचत नाहीत. आईनं कुठे लावला होता?” तिनं आईचं कामावरचं जॅकेट मशीनवर ठेवलं. “कमरेत आत घ्या, खिशावरचं नाव उसवा. सकाळी पाळी आहे.” कंबर आत घेतली. नाव अजून उसवलेलं नाही.