नख न अडकणारा जोड

संगणकाच्या पडद्यावर दादाचे ओठ मिटल्यानंतर शब्द ऐकू येत होता. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. आवाजाच्या पट्टीतला एक तुकडा कापला, की पुढचा सगळा आवाज सरकायचा. चित्र मात्र जागच्या जागी.

"दोन्ही पट्ट्या आधी एकमेकींना बांधा, मग कापा," पलंगावर लोळत धाकटी म्हणाली. "कितव्यांदा सांगतेय! तुमच्या वर्गात मी इतक्यांदा चुकले असते, तर मला बाहेर उभं केलं असतंत."

"बाहेर नाही, बाकावर," बाबा गुरगुरले.

तंत्रशाळेत त्यांनी उभी हयात पोरांना लोखंडावर कानस चालवायला शिकवले होते. जोडावरून नख फिरवायचे; ते अडकले, की काम परत. निवृत्तीनंतर आता त्यांचे स्वतःचेच काम रोज परत येत होते. सुरुवातीला तर सरावाचा व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर 'पसारा नको' म्हणून त्यांनी मूळ फाइलच पुसली होती. पडद्यावर नुसती 'फाइल सापडत नाही' अशी लाल पाटी उरली.

धाकटी एका स्टुडिओत जाहिरातींच्या व्हिडिओंचे संकलन करायची. हे काम तिने चहा गार होण्याआधी उरकले असते; पण तिने साफ नकार दिला होता. "शिकवीन हवं ते. दादाच्या बोलण्याला कात्री मी लावणार नाही."

दादा बोलताना अडखळायचा. हुशारीत कुठे कमी नव्हता. पण नोकरीसाठी स्वतःची ओळख सांगणारा व्हिडिओ पाठवला, की पलीकडून साधे उत्तरही येत नसे. बाबांच्या जिवाला तेच लागले होते. या वेळी एका शाळेत शिक्षकाची जागा होती.

"खुर्चीत बसतानाचं आणि उ... उठतानाचं तेवढं कापा," व्हिडिओ देताना दादा म्हणाला होता. "बाकी तसंच राहू द्या, बाबा. ही जागा जशी काही माझ्यासाठीच आहे. तिथली मुलं ना, ती म... म... मा..."

"मोठी असोत नाहीतर लहान," बाबांनी नेहमीप्रमाणे त्याचे वाक्य संपवून टाकले, "शिक्षक घडाघडा बोलणाराच लागतो. तू काळजी सोड."

दादा व्हिडिओ ठेवून निघून गेला.

मग बाबा इरेला पेटले. एक अडखळणे काढले, तर मान झटका खाई. तो झाकायला मध्ये टेबलावरच्या हातांचे चित्र घातले, तर पंख्याची घरघर तुटे. घरघर सांधावी, तर शब्दाचे शेपूट गायब! वैतागून त्यांनी माउस आपटला, चष्मा भिरकावला, धाकटीवर खेकसले. सोडले मात्र नाही. तुकड्यांच्या टोकांशी आवाज हलकेच चढवायला-उतरवायला हात बसला. नुसत्या पंख्याची घरघर वेगळी काढून सगळ्या बोलण्याखाली सलग अंथरता येऊ लागली.

शेवटी धाकटीने हेडफोन लावून सगळे ऐकले. मग हेडफोन काढून ठेवले.

"आमच्या स्टुडिओतही कुणाच्या लक्षात येणार नाही," ती म्हणाली. "दादाला दाखवलंत?"

"नोकरी लागली, की दाखवू."

"एकदा विचारा तरी त्याला!"

"पोराला बोलायला लावून कशाला छळायचं?" असे म्हणत बाबांनी व्हिडिओ पाठवून दिला.

उत्तर आले, तेव्हा दादा फोन उंच धरूनच स्वयंपाकघरात शिरला. मुख्याध्यापिकांनी बोलून निरोप पाठवला होता. त्याने तो अजून उघडलाही नव्हता.

"स... सगळे मिळून ऐकू," तो म्हणाला. धाकटीने नळ बंद केला. बाबा ओले हात पुसत पुढे आले.

फोनमधला आवाज मायाळू होता.

"तुमचा अर्ज आम्हाला मनापासून आवडला होता. आमच्या शाळेतली सगळी मुलं बोलताना अडखळतात. म्हणून त्यांच्यासारखाच अडखळणारा, पण न लाजता बोलणारा शिक्षक आम्हाला हवा होता. जाहिरातीतही तसं स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही अडखळता, असं तुम्ही अर्जात म्हटलंत. तुमचा व्हिडिओ मात्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात तुम्ही एकदाही अडखळला नाहीत."