बेरीज शंभरच हवी

१९८१ साली चिंचवडच्या एका कारखान्यात कामगारांना छापील फॉर्म वाटून विचारलं, "इथं कशाचा त्रास होतो?" खाली दिलेल्या कारणांपैकी हवी तितकी निवडायची मुभा होती. पुण्यातल्या कॉम्प्युटरवरून तक्ता तयार होऊन आला आणि अजून नोकरीत कायम न झालेल्या अरुंधतीने तो मॅनेजर वझेसाहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी फक्त तळाची बेरीज पाहिली. "तीनशे बारा टक्के? कॉम्प्युटर पिऊन आलाय का?"

"सर, एकेकाने तीन-तीन कारणं दिलीत, म्हणून..."

"मग एका माणसाचं एकच घ्या! बेरीज शंभर आली नाही, तर कायम व्हायचं विसरा."

अरुंधती पुन्हा फॉर्म घेऊन कामगारांमध्ये फिरली.

"एकच सांगायचं? मग सोपं हाय की, ताई!" ज्योतीराम फिटर म्हणाला आणि खूण करून मोकळा झाला.

नव्या तक्त्याची बेरीज बरोब्बर शंभर आली.

"सर, सही करण्याआधी वरच्या ओळी एकदा..." ती चाचरत म्हणाली.

"टक्केवारी मला शिकवू नका!" साहेबांनी झोकात सही ठोकली आणि तक्ता थेट डायरेक्टरांकडे पाठवून दिला.

 

बाकी सगळ्या कारणांपुढे शून्य होतं, आणि शंभरच्या शंभर टक्के एकाच ओळीत होते: 'मॅनेजरची वागणूक'.