पाचवी-दोनची सरळ रेघ

कल्पना करा, मुलांनो. तुम्ही जपानमधल्या एका लहान शहरातल्या शाळेत पाचवीला आहात. जेवण वर्गातच चाललंय. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलांनी सगळ्यांना वाढलंय. इतक्यात भिंतीवरच्या स्पीकरवरून घोषणा होते. या आठवड्यात ज्या वर्गांची भांडी रिकामी परत गेली, त्यांची नावं. त्यांना पताका मिळणार. तुमच्या वर्गाचं नाव येत नाही. याही वेळी नाही. आणि सगळ्यांच्या माना एकदम तुमच्याकडे वळतात.

त्या दिवशी पाचवी-दोनमधल्या माना चिनात्सुकडे वळल्या.

ती सावकाश जेवायची. जेवण सुरू होण्याआधी ताटातलं थोडं भांड्यात परत टाकायची मुभा होती, आणि ती हमखास टाकायची. समुद्री शेवाळाची काळी भाजी तर तिच्या घशाखाली उतरत नसे. पण महिनाभर तिने काहीच परत टाकलं नव्हतं. पोट दुखेपर्यंत सगळं संपवलं होतं.

"गेली आपली पताका! गोगलगाय जेवतेय अजून," गेन्ता म्हणाला.

"मी सगळं संपवते."

"हो का? मग भांड्यात उरतं ते काय भूत ठेवून जातं?"

वर्ग खो खो हसला. चिनात्सुने मान खाली घातली. खरंच आपलंच तर उरत नसेल? तिचा स्वतःवरचा विश्वासही आता डळमळायला लागला होता.

दुपारी संगणकाचा तास होता. प्रोग्राम लिहायच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये मुलं आजवर नुसता रोबो पळवायची, त्याची नवी आवृत्ती हानावा बाईंनी लॅपटॉपवर घातली होती. तिच्यात आकड्यांची अवजारं आयतीच आली होती. तक्ता मांडायचं, सरासरी काढायचं, आलेख रेखायचं. शिवणाच्या डब्यात सुईदोऱ्याशेजारी कात्री आणि टेप असावी तशी.

"कशाचे आकडे घेऊ या?" बाईंनी विचारलं.

"उरलेल्या जेवणाचे," चिनात्सु म्हणाली. "स्वयंपाकघरात प्रत्येक वर्गाच्या भांड्याचं वजन करतात. ते शाळेच्या वेबसाइटवर असतं. मला बघायचंय."

तिने गेल्या महिन्याची वर्गवार बेरीज मागितली. पडद्यावर खांब उभे राहिले. पाचवी-दोनचा खांब सगळ्यांत उंच.

"घ्या! कॉम्प्युटरसुद्धा तुझंच नाव घेतोय," मागून गेन्ता म्हणाला.

चिनात्सु लॅपटॉप मिटणार, एवढ्यात बाईंनी त्यावर हात ठेवला. "थांब गं. बेरीज म्हणजे सगळं एका पातेल्यात ओतणं. आता वेगळं करून बघ. कुठल्या दिवशी पदार्थ कुठला होता, ते धर."

चिनात्सुने दोन ओळी लिहिल्या. खांब गेले आणि रेघा आल्या. मासे असले की बाकीच्या वर्गांच्या रेघा वर चढत. करी असली की थेट जमिनीला टेकत. पाचवी-दोनची रेघ मात्र ना चढत होती, ना उतरत होती. पट्टीने आखावी तशी सरळ.

"बिघडलंय हे," गेन्ता म्हणाला.

"शेवाळाच्या भाजीला किती उरलं?" बाईंनी विचारलं.

"एवढंच," चिनात्सु म्हणाली.

"आणि करीला?"

"तेही एवढंच."

"म्हणजे गेन्ता, तुझं म्हणणं, चिनात्सुला करी आवडत नाही?"

"हिला? बाई, करीचं तर ताट पुसून खाते ही..." गेन्ता बोलता बोलता थांबला. त्याचे कान लाल झाले.

चिनात्सुचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती हिशेब करत होती. पताकेसाठी वर्गात सगळेच ताट रिकामं करत, तरी रोज उरणारं ते जेवण बरोबर एका मुलाच्या वाटणीचं होतं. साथीच्या दिवसांपासून पुन्हा वाढून घ्यायला बंदी होती, त्यामुळे ते तसंच परत जायचं. पण करीसुद्धा न खाणारं, कुठल्याच पदार्थाला हात न लावणारं असं कोण होतं?

ती हळूच मागे वळली.

शेवटच्या ओळीत, खिडकीजवळ, एक बाक होता. त्यावर रंगांच्या पिशव्या होत्या, कुणाची बासरी होती, गेन्ताची टोपी होती. तो रित्सुतोचा बाक होता. उन्हाळ्याच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी त्याची चौकशी केली. मग कुणी केली नाही.

"बाई," चिनात्सुने विचारलं, "रित्सुतोचं जेवण अजून येतं?"

हानावा बाई तिच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "येत असणार. बंद करायचं का म्हणून ऑफिसातून त्याच्या आईला फोन जातो. ती म्हणते, राहू द्या, उद्या येईल कदाचित." बाई पडद्यावरच्या सरळ रेघेकडे बघत राहिल्या. "माझ्याही ध्यानात आलं नाही गं."

गेन्ता पुटपुटला, "ए चिनात्सु, सॉरी हं. उद्या स्पीकरवरून सांगू या. तुझी चूक नव्हती म्हणून."

महिनाभर तिला हेच हवं होतं. पण आता तिने मानेनेच नको म्हटलं. ती उठून मागच्या बाकापाशी गेली. एकेक वस्तू उचलून ज्याची त्याला दिली. टोपी गेन्ताच्या हातात ठेवली. फडकं ओलं करून बाक पुसला.

शाळा सुटल्यावर ती घरी गेली नाही. रित्सुतोच्या दारापाशी उभी राहून तिने घंटा वाजवली. आतून पावलं आली आणि दाराच्या पलीकडे थांबली.

"रित्सुतो, मी चिनात्सु," ती बंद दाराला म्हणाली. "तुझं जेवण रोज येतं. आम्हीच तुला हाक मारायला विसरलो होतो."