देवाची तीट

डॉक्टरीणबाईंनी आदिनाथच्या दंडावरचा पट्टा तिसऱ्यांदा फुगवला.

"म्याडम, फुटंल की हात!" आदिनाथ खिदळला. दुसरीतलं पोरगं. डोकं दुखतंय म्हणून रोज शाळेतून रडत यायचं, अन् इथं नळ्या-पट्टे दिसल्याबरोबर डोकेदुखी कुठल्या कुठं पळाली होती.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मघाशी पहिल्यांदा पट्टा बांधताना हसल्या होत्या. आदिनाथच्या आईनं, सत्यशीलेनं, नेमकं तेच हेरलं, अन् मांडीवरच्या तान्ह्या लेकीला पोटाशी घट्ट धरलं.

"ऊन लागलं आसंल," तिच्या सासूबाई, छबुबाई, मधेच बोलल्या. तेलगाव सोडल्यापासून बीड येईपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नव्हतं. "लई हिंडतंय उन्हातान्हात. बापाचं ऐकत न्हाई, माझं तर मुळीच न्हाई."

"शर्ट काढ बाळा."

पाठीवर, पोटावर, काखेत चहा सांडावा तसे तपकिरी डाग. डॉक्टरीणबाई बोट टेकवत ते मोजू लागल्या, तसा छबुबाईंना चेवच चढला.

"देवाची तीट हाय ती! त्यानंच लावून धाडलंय लेकराला. म्हणून तर ह्याला आमी कधी काजळ लावलं न्हाई. कुणाची बिशाद हाय नजर लावायची?"

"आजी, ही आजाराची खूण वाटते मला. जन्मापासूनच्या." डॉक्टरीणबाई हळू बोलत होत्या, म्हणून जास्तच भीती वाटत होती. "असे डाग असलेल्या काही मुलांची किडनीला रक्त नेणारी नळी आतून अरुंद होते. पाइपावर पाय द्यावा तशी. मग अंगातल्या रक्ताचा दाब चढत जातो. ह्याचा फार चढलाय. आजच भरती करू, तपासण्या करू. उशीर झाला तर किडनी..." आदिनाथ टकामका बघतोय हे दिसलं, अन् त्या थांबल्या. "आईबापाकडून येतो हा आजार पुष्कळदा. घरात अजून कुणाला असे डाग?"

"हिला हायत की!" छबुबाईंनी सुनेकडं बोट केलं. आवाजात अजून तोच तोरा. "पोरगी बघायला गेलतो तवाच म्या म्हणलं..."

बोट हवेतच राहिलं.

सत्यशीलेनं दंडावर पदर ओढला.

"बाळाला बघू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टोपडं निघालं. तान्हीच्या गालावर काजळाचा ठसठशीत ठिपका. अन् डाव्या कानामागं आणखी एक. पुसट. तपकिरी.

तान्हीची अंघोळ, धुरी, तीट, सगळं रोज छबुबाईच करायच्या.

"आत्याबाई," सत्यशीलेचा आवाज चिरकला, "कानामागची तीट तुमीच लावली ना सकाळी? काजळच हाय ना हे?"

छबुबाईंनी फक्त गालावरच्या ठिपक्याकडं बोट केलं.

सत्यशीलेनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं. तान्हीच्या कानापर्यंत नेलं. हात तिथंच थांबला.

"पूस की आई," आदिनाथ म्हणाला. "निघंल."