खोलीत कुणी नको

"एआयला नेमकं सांगावं, नाहीतर ते भलतंच करून ठेवतं," असं घरांचा दलाल बायकोला येता-जाता ऐकवायचा.

आज गिऱ्हाईक यायचं म्हणून ती विकाऊ घरी आधीच जाऊन थांबली होती. तिथूनच तिने झोपायच्या खोलीचा फोटो पाठवला. आरशात तीच दिसत होती.

त्याने तो एआयला देऊन घाईघाईत लिहिलं, "पडदे निळे कर. कपाट काढ. खोलीत कुणी नको." आणि बटण दाबलं.

लगेच फोन वाजला. "अहो, इथले पडदे निळे कसे झाले?"

"थट्टा पुरे."

"थट्टा कसली? अगं बाई, कपाट कुठे गेलं!"

स्क्रीनवर आरसा हळूहळू रिकामा होत होता.

"बाहेर पळ! ऐकतेस ना?"

फोन चालूच होता. पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.